वाळवीने खाल्लेले भोपळे

गेल्या आठवड्यात दुकानाच्या माळ्यावर चढलो तो छप्पर कुठे गळतंय ते बघायला. फोंड्यात आषाढ लागला की कुठलं ना कुठलं कौल सरकलेलं असतंच. गळती काही सापडली नाही. वाळवी सापडली.

माझं स्टेशनरीचं दुकान आहे आणि 1991 पासून मी आमच्या गावच्या क्लबचा स्कोअरर आहे. पहिल्यामुळे दुसरं झालं. स्कोअरबुक फुकट मिळावं म्हणून पोरांनी मला पकडलं आणि बुकासोबत मीही फुकट गेलो. चौतीस वर्षांची बुकं माळ्यावर आहेत. जुनी पत्र्याच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलेली, ती ठणठणीत. 2008 ते 2011 ची तीन बुकं मात्र ट्रंकेत मावेनात म्हणून वह्यांच्या खोक्यात कोंबली होती आणि खोकं भिंतीला टेकवून ठेवलं होतं. वाळवीनं भिंतीवरून बोटभर रुंद मातीची वाट काढली, ती थेट खोक्यात. वरून बघावं तर पुठ्ठा शाबूत, उघडलं तर आत नुसती जाळी. कडेची नंबरांची पट्टी तेवढी बऱ्याच पानांवर उरलीय. मधली नावं आणि त्यापुढच्या धावा सगळ्या पोटात गेल्या. शाई बहुतेक गोड लागत असावी.

एरवी मी बुकं झटकून खाली आलो असतो. पण नेमकं दोन दिवस आधी एकाचा फोन आला होता. एके काळी आमच्या क्लबात खेळायचा. आता बत्तीस वर्षांचा आहे, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. त्याला नववा म्हणू. का, ते पुढे येईल.

"काका, माझ्या पहिल्या सीझनच्या एखाद्या पानाचा फोटो पाठवा ना."

"कशाला रे?"

"भाचा पहिल्याच मॅचला भोपळ्यावर गेला. अकरा वर्षांचा आहे. काल रात्रीपासून जेवत नाही. त्याला माझे भोपळे दाखवायचेत."

आणि त्याचे भोपळे वाळवीनं खाल्ले.

नववा आमच्याकडे आला तो 2008 च्या पावसाळ्यानंतर, पंधरा वर्षांचा. त्या वर्षी गोव्यात क्रिकेट खेळणाऱ्या प्रत्येक पोराला स्वप्नील अस्नोडकर व्हायचं होतं. पर्वरीचा मुलगा, पहिल्याच आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सकडून उतरला आणि पहिल्याच सामन्यात कोलकात्याविरुद्ध 34 चेंडूंत 60 काढून गेला. दुसऱ्या टोकाला जोडीदार ग्रॅमी स्मिथ आणि फटके मारतोय आमचा अस्नोडकर! नऊ सामन्यांत 311 धावा, वर ट्रॉफी. फुटबॉलच्या या राज्यात हॉटेलांतल्या टीव्हीवर लोक क्रिकेट लावा म्हणून ओरडायला लागले. पुढच्या हंगामांत आयपीएलमध्ये तसं काही पुन्हा झालं नाही. रणजीत मात्र तो गोव्यासाठी वर्षानुवर्षं खेळत राहिला. आणि गंमत म्हणजे 2009 ला आयपीएलमध्ये नाव गाजलं ते वास्कोच्या शादाब जकातीचं. डावखुरा फिरकी गोलंदाज. गोव्यासाठी दहाएक वर्षं टाकत होता, पण मांडवीच्या पलीकडे कोणी विचारत नव्हतं. चेन्नईनं घेतला आणि त्यानं लागोपाठ दोन सामन्यांत चार-चार बळी काढले. एक पहिल्याच दिवशी उजेडात आला, दुसरा दहा वर्षांनी. आमच्या मैदानावर पोरं खेळायची ती अर्थातच पहिल्यासारखं.

नववा तसा नव्हता. शरीरानं काटकी, बोलणं शून्य, ऑफस्पिन बरा टाकायचा म्हणून संघात. फलंदाजीला शेवटची दोन षटकं उरली की आत जायचा, डोळे मिटून बॅट फिरवायचा आणि परत यायचा. बाहेरून सगळे ओरडायचे, "बॉल पळय मरे!" तो बघत असेलही, पण आठ चेंडू उरलेत म्हटल्यावर बघून करायचं काय? तीन हंगाम असेच गेले. किती धावा, किती भोपळे, आता मला विचारू नका.

इथे कबुलीची वेळ आली. त्याला नववा ठेवला कोणी? कॅप्टननं म्हणाल, तर कॅप्टनला मॅचच्या सकाळी मॅटिंगचे, म्हणजे खेळपट्टीवर अंथरायच्या चटईचे, खिळे, पंचांचा चहा आणि अकरावा खेळाडू यांतून मान वर करायला फुरसत नसायची. तो लांबूनच ओरडायचा, "काका, नावं लिहा, गेल्या खेपेसारखीच!" आणि मी मागचं पान उघडून नावं खालच्या पानावर उतरवायचो. पहिला, दुसरा, तिसरा असं करत नववा. तीन वर्षं मी त्याला नवव्या ओळीत लिहिलं, कारण त्याआधीच्या पानावर तो नवव्या ओळीत होता. दुसरं कारण शोधूनही सापडत नाही.

तेव्हापासून मला वाईट खोड लागली. कोणी उशिरा फुललेला खेळाडू म्हटला की मी त्याच्या धावा बघत नाही, सुरुवातीला तो कितव्या नंबरावर यायचा ते बघतो.

रवी शास्त्रीचंच घ्या. फेब्रुवारी 1981, वेलिंग्टन. दिलीप दोशी जखमी झाला म्हणून अठरा वर्षांच्या पोराला घाईघाईनं विमानात बसवलं. डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून खेळला आणि फलंदाजीला दहावा. दीडेक वर्षात तो इंग्लंडमध्ये सलामीला जाताना दिसतो. फटके त्याचे मोजून तीन-चार, पण पाय रोवून उभं राहण्याची चिकाटी अशी की बघणाऱ्याला कंटाळा यावा. ती चिकाटी दहाव्या नंबरावर कोणाला दिसणार होती? दहावा माणूस तंबूतून निघतो तेव्हा निम्मे लोक सामान आवरत असतात.

त्याच शास्त्रीच्या नावाची एक ओळ माझ्या मते स्कोअरकार्डांतली सगळ्यात गमतीची ओळ आहे. जानेवारी 1992, सिडनी. पहाटे साडेपाचला रेडिओला कान लावून मी दुकानाच्याच एका कोऱ्या बुकात ती मॅच लिहीत बसलो होतो. तेव्हा मी नवखा, हात बसावा म्हणून लिहायचो. बायको म्हणायची, अहो, तिकडे लिहिणारे आहेत की. शास्त्री झेल जोन्स गोलंदाज वॉर्न 206. शेन वॉर्नचा तो पहिलाच कसोटी सामना. त्याचे आकडे: 45 षटकं, 150 धावा, 1 बळी. तो एक बळी शास्त्रीचा, तोही द्विशतक झाल्यावर. सचिनही त्याच डावात नाबाद 148. गुटगुटीत, पिवळ्या केसांच्या त्या पोराबद्दल त्या दिवशी कोणी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, गेला हा. त्याच वर्षाच्या शेवटी मेलबर्नला त्यानं वेस्ट इंडीजचे 52 धावांत 7 काढले, पुढल्या जूनमध्ये मँचेस्टरला गॅटिंगचा त्रिफळा उडवणारा तो गाजलेला चेंडू आणि शेवटी 708 बळी. दहाव्या नंबरावरून सलामीला आलेला एक आणि 150 धावांत 1 बळीवरून 708 बळींवर गेलेला दुसरा, दोघे एकाच ओळीत. ते पान ट्रंकेत आहे, वाळवी पोचली नाही.

स्टीव्ह स्मिथ तर आताचाच. जुलै 2010, लॉर्ड्सवर पाकिस्तानविरुद्ध पहिली कसोटी, लेगस्पिनर म्हणून, फलंदाजीला आठवा. वॉर्ननंतर ऑस्ट्रेलियाला लेगस्पिनर हवाच होता, मग जो टाकेल तो लेगस्पिनर. पहिलं शतक यायला 2013 चा ऑगस्ट उजाडला, ओव्हलवर, तेही ट्रॉटला षटकार मारून. त्यानंतरच्या हिवाळ्यात पर्थला त्यानं चेंडू यायच्या आधी ऑफस्टंपकडे सरकायला सुरुवात केली आणि तिथून पुढची काही वर्षं तो कोणालाच आवरला नाही. माझ्या पोरांनी ते सरकणं टीव्हीवर बघून आमच्या मॅटिंगवर करून पाहिलं. एका रविवारी चार जण पायचीत. मी काही बोललो नाही, फक्त लिहिलं.

रोहित शर्माचं लोकांना पाठच आहे. 2007 ला आला, मधल्या फळीत वर-खाली होत राहिला, 2011 च्या विश्वचषकाच्या संघात नव्हता. जानेवारी 2013 ला मोहालीत इंग्लंडविरुद्ध धोनीनं सलामीला पाठवला, 83 केल्या आणि त्याच नोव्हेंबरात बंगळुरूला 209. मनगट तेच होतं, जागा बदलली.

आता माझ्या नंबराच्या या शास्त्राला दोन ठिकाणी भोकं आहेत आणि त्यातलं एक आमच्या मडगावातच पडलं. 24 ऑक्टोबर 2010, फातोर्डा, भारत-ऑस्ट्रेलिया. तिकीट काढून, बोरीच्या पुलावरून धक्के खात आम्ही सातजण गेलो. पाऊस. एकही चेंडू पडला नाही. मालिकेतला कोचीचा सामनाही पावसानं खाल्लेला, झाला तो एकटा विशाखापट्टणमचा, चार दिवस आधी. त्यात शिखर धवन पहिल्यांदा भारताकडून उतरला आणि दुसऱ्याच चेंडूवर मॅकेनं त्याचा त्रिफळा उडवला. भोपळा. म्हणजे फातोर्ड्याला पाऊस नसता तर कदाचित दुसरी संधी त्याला आमच्यासमोर मिळाली असती. छत्रीखाली तासन् तास उभं राहून आम्ही कव्हरवरचं पाणी बघितलं, वाटेत भजी खाल्ली, परत आलो. तर धवन तेव्हाही सलामीलाच होता. त्याचा नंबर कोणी चुकवला नव्हता. मार्च 2013 ला पुन्हा ऑस्ट्रेलियाच समोर, पहिली कसोटी, 85 चेंडूंत शतक आणि एकूण 187. मधली अडीच वर्षं, 2011 चा वेस्ट इंडीज दौरा सोडला तर, तो दिल्लीकडून धावा करत बसला होता, बस्स. माझं शास्त्र इथे लंगडं पडतं, हे मान्य.

दुसरं भोक मर्वन अटापट्टूचं. श्रीलंकेच्या या माणसाचे पहिले सहा कसोटी डाव मी एका चिठ्ठीवर लिहून दुकानात गल्ल्याच्या वर चिकटवलेत: 0, 0, 0, 1, 0, 0. मधली ती एक धावही मुळात लेगबाय होती म्हणे, बॅटला न लागता पायाला लागून मिळालेली. पहिली कसोटी 1990 ला चंदीगडमध्ये, तिसरी 1994 ला अहमदाबादेत. दर वेळी दोन डाव खेळायचा आणि घरी जायचा, मग दीड-दोन वर्षं देशांतर्गत धावा करून पुन्हा यायचा, पुन्हा शून्य. 1994 नंतर तर तीन वर्षं त्याला कसोटीत कोणी घेतलं नाही. आणि हाच माणूस पुढे 90 कसोटी खेळला, 5502 धावा, 16 शतकं, त्यातली 6 द्विशतकं. हे मला कळत नाही. म्हणजे वॉर्नचं कळतं. त्याला टेरी जेनरसारखा गुरू लाभला, घाम गाळला, फ्लिपर नावाचा खाली राहणारा चेंडू बसवला. अटापट्टूमध्ये बदललं काय? तंत्र तर लहानपणापासून पुस्तकी, बघणारे सगळे तेच सांगतात. मला एवढंच दिसतं की तीन वेळा बोलवून तिन्ही वेळा तोंडघशी पडलेल्या माणसाला कोलंबोत कोणीतरी चौथ्यांदाही संघात लिहिलं. लिहिणारा कोण होता ते शोधून त्याला दुकानातलं एक बुक भेट द्यावं असं मनात येतं. परीक्षेचा निकाल लागला की पोरं पेनं घ्यायला येतात, काहींचे चेहरे पडलेले असतात. चिठ्ठीकडे बघून विचारतात, काका, हे काय? मी म्हणतो, मोबाइल नंबर आहे, लाव.

आपल्या दिलीप सरदेसाईंबद्दल लिहिल्याशिवाय गोवेकराला पुढे जाता येत नाही. मडगावात 1940 साली जन्म, पोर्तुगीज राजवटीत. इथे तेव्हा टर्फ विकेट, म्हणजे गवत-मातीची खेळपट्टी, कुठली! मोठेपणी मुंबईला गेले, तिथे घडले. पहिली कसोटी डिसेंबर 1961 च्या पहिल्या आठवड्यात कानपूरला, इंग्लंडविरुद्ध. 28 वर स्वतःच्याच यष्ट्यांना लागून बाद. त्या दिवशी त्यांचं गाव अजून भारतात नव्हतं, मुक्ती 19 तारखेला आली. ते अगदी उशिरा फुलले असंही म्हणता येणार नाही, 1965 ला न्यूझीलंडविरुद्ध मुंबईत फॉलोऑन मिळून लगेच पुन्हा फलंदाजीला यावं लागलं तेव्हा नाबाद 200 होत्या. पण ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यानंतर जवळजवळ संघाबाहेरच, तिशीला आलेले, लोक विसरलेले. 1971 ला वेस्ट इंडीजला न्यायचं तर कॅप्टन वाडेकरांनी आग्रह धरला म्हणून गेले. किंग्स्टनला 5 बाद 75 असताना पाय रोवले आणि 212. पोर्ट ऑफ स्पेनला 112, ब्रिजटाउनला 150. मालिकेत 642. आयुष्यभराच्या 30 कसोटींत मिळून 2001 धावा, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश त्या एकाच दौऱ्यात. गावसकरच्या 774 नी ती मालिका आठवली जाते, ते ठीकच. पण मडगावच्या पिंपळकट्ट्यावर बसलेला कुठलाही म्हातारा तुम्हाला आधी 642 सांगेल, मग 774.

आता नवव्याकडे येतो. मार्च 2011, विश्वचषक चालू होता. मडकईच्या बाजूला भातकापणी झालेल्या शेतात मॅटिंग अंथरून मॅच. आमचे सलामीवीर दोघे भाऊ, नदीपलीकडचे. बोरीच्या पुलावर ट्रक बंद पडला आणि ते पलीकडे अडकले. टॉस हरलो, फलंदाजी आली. समोर वास्कोचा एक उंच गोलंदाज, आणि मॅटिंगवर चेंडू छातीपर्यंत येतो.

"कोण वता रे ओपनिंगाक?" कॅप्टननं विचारलं. सगळे बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकले.

नवव्याच्या पायात पॅड होते. हुशारीनं नव्हे. एका पॅडचा बक्कल तुटला होता, तो सुतळीनं बांधून टिकतो का हे बघायला त्यानं ते चढवले होते. कॅप्टननं त्याच्या पॅडांकडे बघितलं. तो गेला.

पहिलं षटक. पहिला चेंडू बाहेर, सोडला. मी टिंब काढलं. दुसरा, सोडला. टिंब. तिसरा अंगावर आला तो खाली बसून डोक्यावरून जाऊ दिला. चौथा बॅटनं पायाशी मारून ठेवला. सहावं टिंब काढून मी सगळी टिंबं जोडून मेडनचा, म्हणजे एकही धाव न निघालेल्या षटकाचा, एम केला आणि मान वर केली. मागे वळून विचारलं, आत कोण आहे रे? खरंच विचारलं. तीन वर्षं ज्याच्या नावापुढे मी टिंब क्वचितच काढलं, त्यानं ओळीनं सहा काढायला लावली होती. त्याला चेंडू सोडता येतो हे मला माहीत नव्हतं, कॅप्टनला नव्हतं आणि मला वाटतं त्यालाही नव्हतं. आठ चेंडू उरलेले असताना कोणी चेंडू सोडतो का?

42 केल्या. पायचीत. तेविसाव्या षटकात. भाऊ सहाव्या षटकात घामाघूम होऊन पोचले होते, त्यांना पाच-सहा नंबरवर घातलं, त्यांची तोंडं सुजलेली. मॅच आम्ही हरलो.

पुढच्या रविवारी कॅप्टन नेहमीसारखाच लांबून ओरडला, "काका, नावं लिहा!" या खेपेला "गेल्या खेपेसारखीच" म्हणाला नाही, विसरला असेल. मी बुक उघडलं. सवयीनं पहिल्या ओळीत मोठ्या भावाचं नाव लिहायला पेन टेकवलं, आणि नवव्याचं लिहिलं. बुक कॅप्टनसमोर धरलं. त्यानं बघितलं, काही बोलला नाही, मॅटिंगचा खिळा ठोकायला गेला. क्लबात हे कोणी ठरवलं, यावर आजही वाद होतो. तीन जण श्रेय घेतात. मी गप्प असतो.

पुढली सात-आठ वर्षं तो सलामीलाच खेळला. तालुक्याच्या स्पर्धांत शतकं केली, पणजीच्या एका क्लबानं बोलावलं, लीग खेळला. रणजीपर्यंत नाही पोचला. नोकरी लागली, लग्न झालं. 2024 च्या नोव्हेंबरात पर्वरीला कश्यप बकले आणि स्नेहल कवठणकरनं अरुणाचलविरुद्ध नाबाद 606 ची भागीदारी केली, 300 आणि 314, रणजीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी. तेव्हा त्याचा रात्री फोन आला होता. आम्ही दोघे धावांबद्दल कमी आणि त्या स्कोअररच्या मनगटाबद्दल जास्त बोललो.

तर फोटो. सगळं खोकं धुंडाळून 2008 चं एक पान सापडलं. नंबरांची पट्टी शाबूत, 9 हा आकडा स्पष्ट, पुढे नावाच्या जागी भोक, भोकातून खालच्या पानावरचं दुसऱ्याच कोणाचं तरी 17 दिसतंय. त्याचा फोटो काढून पाठवला. खाली लिहिलं, "तुला नववा मी लिहायचो. कारण काही नव्हतं." इतक्या वर्षांत हे त्याला सांगितलं नव्हतं.

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं पंधरा मिनिटांनी.

"काका ते सोडा, भोपळे किती होते?"

मी लिहिलं, वाळवीला विचार.

रात्री पुन्हा फोन. त्यानं भाच्याला फोटो दाखवून सांगितलं, हे भोक पडलंय ना, इथे अकरा भोपळे होते, इतके की कागदाला जड झाले. अकरा नव्हते. फार तर पाच-सहा असतील, मला अंदाज आहे. मी काही म्हणालो नाही. पोरगं जेवलं म्हणे, भात दोनदा घेतला.